एक्स-रे बघायला कसं शिकवावं: नव्या शिक्षकांसाठी पायरी-पायरीने

रेडिओग्राफीच्या मुलांना एक्स-रे काढायला आपण व्यवस्थित शिकवतो. पोझिशन, सेंटरिंग, केव्ही आणि एमएएस (किरणांची ताकद आणि मात्रा), मार्कर (डावी-उजवी बाजू दाखवणारं अक्षर), किरणांपासूनचं संरक्षण, सगळं होतं. पण फोटो स्क्रीनवर उमटला की शिकवणं बहुधा तिथेच थांबतं. "ठीक आलाय, पाठव," एवढं म्हणून पुढचा पेशंट आत घेतला जातो. त्या फोटोत काय दिसतंय हे विद्यार्थ्याला कुणी विचारतच नाही. मग हाच विद्यार्थी नोकरीला लागतो आणि एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटा उभा राहतो. रेडिओलॉजिस्ट सकाळी येणार, कॅज्युअल्टीतला डॉक्टर पाच पेशंटमध्ये अडकलेला. अशा वेळी फोटो सगळ्यात आधी त्याच्याच डोळ्यांखालून जातो.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम सांभाळून मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना शिकवते आहे. एक्स-रे 'बघायला' शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्या पायऱ्या छातीच्या एक्स-रेवर सांगितल्या आहेत, कारण आपल्या विभागात तो दिवसभर निघतो आणि फसवतोही तोच सगळ्यात जास्त. हाडांचं शेवटी थोडक्यात आलंय.

पहिली पायरी: हद्द आखून द्या

पहिल्या तासाला फोटो दाखवू नका. आपल्या कामाची हद्द कुठवर आहे ते आधी सांगा. आपल्याकडे रिपोर्ट देणं हे रेडिओलॉजिस्टचं काम आहे आणि निदान पेशंटच्या डॉक्टरचं. मग रेडिओग्राफरने फोटो वाचायला का शिकायचं, असा प्रश्न एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारणारच. त्याला इंग्लंडची गोष्ट सांगा.

लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर अपघात विभागातल्या फिल्म बघत आणि ज्या फिल्ममध्ये काही वेगळं वाटेल तिच्यावर लाल ठिपका चिकटवत. त्या ठिपक्यामुळे नवखा डॉक्टर पुन्हा एकदा बघायचा. १९८५ साली याबद्दलचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आणि ही पद्धत तिथल्या अनेक रुग्णालयांत पसरली. पुढे तिची उणीवही लक्षात आली. काहीतरी आहे एवढंच ठिपका सांगतो. कुठे आहे आणि कसं आहे ते सांगत नाही. म्हणून ठिपक्याऐवजी दोन ओळींचा शेरा लिहिण्याकडे तिथल्या व्यवसायाचा कल झाला. आज इंग्लंडमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर स्वतः रिपोर्टही देतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, पण ठिपक्यामागचा विचार आपल्याला पुरेपूर उपयोगी आहे.

मी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न देते आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावते. हा फोटो निदानाला चालण्यासारखा आहे का? नेहमीपेक्षा काही वेगळं दिसतंय का? ते आत्ताच्या आत्ता कुणाला सांगायला हवं का? एवढं जमलं की आपलं काम झालं. रोगाचं नाव सांगितलं नाही तरी चालतं.

पेशंटशी बोलायचं कसं तेही याच तासाला शिकवा. नातेवाईक विचारतातच, "मॅडम, फोटोत काय आलंय?" विद्यार्थी अशा वेळी एकतर गप्प होतो, नाहीतर भोळेपणाने "डाग दिसतोय" म्हणून मोकळा होतो. त्या एका शब्दाने घरची माणसं रात्रभर झोपत नाहीत. उत्तर तोंडात बसेपर्यंत म्हणवून घ्या: "काका, फोटो नीट आलाय. डॉक्टर तो बघतील आणि तुम्हाला सगळं समजावून सांगतील." आवाज शांत आणि नजर पेशंटकडे हवी. घाईघाईने स्क्रीन वळवून घेतली की पेशंट त्यातूनही अर्थ काढतो.

दुसरी पायरी: फोटोंचा संच जमवा

ऐनवेळी मोबाइलवर शोधून फोटो दाखवू नका. त्यात पाठ्यपुस्तकी, ठळक, क्वचितच भेटणारे रोग निघतात आणि आपल्या दाराशी रोज येणारा पेशंट कसा दिसतो ते कळत नाही. आपल्याच विभागातले, रेडिओलॉजिस्टने रिपोर्ट दिलेले फोटो घ्या. रिपोर्ट नसलेला फोटो शिकवायला घेऊ नये. आपलं मत आणि विद्यार्थ्याचं मत यांत निवाडा कुणी करायचा?

विभागप्रमुखांची परवानगी घ्या आणि मगच कामाला लागा. नाव, वय, नोंदणी क्रमांक सगळं काढा. इथे एक खाचखळगा आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं नाव झाकलं की झालं असं वाटतं, पण एक्स-रे ज्या डिजिटल स्वरूपात साठवतात त्या डायकॉम फाइलच्या आतही पेशंटची माहिती असते, आणि काही वेळा नाव चित्रातच छापलेलं असतं. दोन्ही ठिकाणी तपासा. पेशंटचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा नाही हा नियम शिक्षकाने पहिल्यांदा स्वतः पाळायचा.

निम्मे फोटो नॉर्मल हवेत. हे आवर्जून सांगते, कारण नव्या शिक्षकाचा हात आजार दिसणाऱ्या फोटोंकडेच जातो. असा संच वापरला की विद्यार्थी प्रत्येक फोटोत रोग शोधायला लागतो आणि जो नाही तोही त्याला सापडतो. नॉर्मलमध्ये विविधता ठेवा: सडपातळ तरुण, स्थूल बाई, सत्तरीचे आजोबा, वर्षाचं बाळ. बाळाच्या छातीत थायमस या ग्रंथीची सावली मध्यभाग (दोन फुफ्फुसांमधली जागा) रुंद दाखवते, म्हाताऱ्या माणसाची महाधमनी पसरून वळलेली असते, आणि हे दोन्ही नॉर्मल असू शकतं. शिवाय रद्द केलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये साठवा. वाकडा आलेला फोटो आणि त्याच पेशंटचा लगेच घेतलेला सरळ फोटो अशी जोडी मिळाली तर ती जपून ठेवा. शिकवायला याहून चांगलं काही नाही.

तिसरी पायरी: पंधरा दिवस फक्त नॉर्मल

मुलं कुरकुरतात. करू द्या. नोटा मोजणाऱ्या कॅशियरचा हात खोट्या नोटेवर आपोआप अडखळतो तो हजारो खऱ्या नोटा हाताळल्यामुळे. डोळ्याचंही तसंच आहे.

नुसतं बघायला सांगितलं तर डोळा घसरत जातो, म्हणून हाताला काम द्या. माझ्याकडे अजून जुना व्ह्यू बॉक्स, म्हणजे फिल्म बघायची उजेडाची पेटी, आहे. त्यावर फिल्म लावायची, वर ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिलीने रेघा ओढायच्या. डिजिटल असेल तर फोटोची मोठी प्रिंट काढून तिच्यावर करा. सुरुवात बरगड्या मोजण्यापासून. पहिली बरगडी शोधणंच बहुतेकांना जमत नाही, कारण ती क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालून खांद्याकडे जाणाऱ्या हाडाच्या) आसपास छोटा, घट्ट वळसा घेते आणि बाकीच्या सावल्यांत हरवते. मागची टोकं आडवी जातात, पुढची तिरकी खाली उतरतात. दोन्ही वेगवेगळी मोजायला लावा. बरगड्या मोजता आल्या की पुढे श्वास पुरता घेतलाय का हे ठरवता येतं.

मग हृदयाच्या कडा. उजवी कड म्हणजे उजवं अलिंद. डावीकडे वरून खाली महाधमनीचा फुगवटा, त्याखाली फुफ्फुसधमनी, मग डाव्या निलयाचा मोठा बाक. उजवा पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल, डाव्यापेक्षा थोडा वर असतो. फुफ्फुसाचं मूळ, म्हणजे हायलम, याच्या उलट डावीकडे सहसा थोडं वर असतं. पोटातल्या हवेचा बुडबुडा डाव्या पडद्याखाली. प्रत्येक रेघ ओढताना विद्यार्थ्याने मोठ्याने म्हणायचं, "ही कड कशामुळे दिसते?" उत्तर प्रत्येक वेळी एकच आहे, हवा आणि मऊ भाग शेजारी-शेजारी आल्यामुळे. ते अंगवळणी पडू द्या, पुढच्या पायऱ्यांचा पाया तोच आहे.

चौथी पायरी: फोटो फसवतोय का ते आधी बघा

इथे आपली मुलं डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांच्याही पुढे जाऊ शकतात. ट्यूब कुठे होती, पेशंट कसा उभा होता, श्वास कधी रोखला हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पीए फोटोत (किरणं पाठीकडून छातीकडे जातात) ट्यूब आणि डिटेक्टर यांच्यात साधारण १८० सेंमी अंतर असतं आणि हृदय डिटेक्टरजवळ असतं, म्हणून त्याचा आकार जवळपास खरा येतो. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी हे माप पीए फोटोचं आहे. खाटेवर पोर्टेबल काढलेल्या एपी फोटोत (किरणं छातीकडून पाठीकडे जातात) अंतर कमी, हृदय डिटेक्टरपासून दूर, त्यामुळे ते मोठं दिसतं. एपी फोटोवर "हृदय वाढलंय" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला रागावू नका. हाताचा पंजा आणि टॉर्च घ्या, भिंतीवर सावली पाडा, आणि पंजा भिंतीपासून टॉर्चकडे सरकवत न्या. दोन मिनिटांत समजतं आणि जन्मभर लक्षात राहतं.

पेशंट फिरलाय का हे क्लॅव्हिकलच्या आतल्या टोकांवरून बघायचं: मधल्या मणक्याच्या काट्यापासून दोन्ही टोकं सारख्या अंतरावर हवीत. फिरलेल्या फोटोत एक फुफ्फुस उगाचच जास्त काळं दिसतं आणि मध्यभाग सरकल्यासारखा वाटतो. श्वास पुरेसा घेतला असेल तर पडद्याच्या वर सहाच्या आसपास पुढच्या किंवा नऊ-दहा मागच्या बरगड्या मोजता येतात. अर्ध्या श्वासातल्या फोटोत हृदय पसरतं, खालचे भाग पांढुरके होतात आणि न्यूमोनिया असल्याचा भास होतो. हृदयाच्या मागे मणके पुसटसे दिसले तर किरणांचा भेद योग्य झालाय. खांदे पुढे घेतले नसतील तर स्कॅप्युलाची (खांद्यामागच्या चपट्या हाडाची) कड फुफ्फुसावर येते.

यानंतर अंगावरच्या वस्तू. मंगळसूत्र आणि चेन आपण काढायला लावतो, पण काळ्या दोऱ्यातला ताईत, ब्लाउजचे हुक, पाठीमागची गाठ, ईसीजीची बटणं राहून जातात. माझी एक विद्यार्थिनी एकदा फोटो घेऊन धावत आली. उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्यावर रेघारेघांची सावली होती. "मॅडम, टीबी." टीबी तिथे येतो हे तिने वाचलं होतं आणि सुतावरून स्वर्ग गाठला होता. मी तिला म्हटलं, "ही सावली वर कुठवर जाते ते बोटाने दाखव." तिने बोट फिरवलं. सावली क्लॅव्हिकल ओलांडून मानेत गेली होती. फुफ्फुस तिथे संपलेलं होतं, पण सावली चालूच होती. तिने मान वळवून बाहेर बाकावर बसलेल्या बाईंकडे पाहिलं. बाईंची जाड, तेल लावून घट्ट घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आलेली होती. वेणी वर बांधून फोटो पुन्हा घेतला, शेंडा स्वच्छ निघाला. त्या दिवसापासून माझ्या वर्गात नियम आहे: सावली शरीराच्या त्या भागाची हद्द ओलांडत असेल तर आधी पेशंटकडे बघा.

म्हाताऱ्या, कृश पेशंटच्या पोर्टेबल फोटोत पाठीच्या कातडीची घडी अशीच फसवते, अगदी फुफ्फुसाबाहेर हवा साठल्यासारखी. फरक जवळून दाखवा. खऱ्या न्यूमोथोरॅक्समध्ये फुफ्फुसाची बारीक पांढरी रेघ दिसते आणि तिच्या बाहेर रक्तवाहिन्यांच्या खुणा नसतात. कातडीच्या घडीत रेघेऐवजी गडद-फिक्याची कड दिसते, बाहेरही खुणा चालू राहतात, आणि ती कड बऱ्याचदा छातीच्या बाहेर निघून जाते.

डावी-उजवी बाजू. मार्कर एक्स्पोजरच्या आधी लावायचा, नंतर संगणकावर अक्षर टाकून नव्हे. हृदय उजवीकडे दिसलं तर विद्यार्थी फोटो उलटवून "दुरुस्त" करतो. पण हृदय जन्मतःच उजवीकडे असलेली माणसं असतात. खरा मार्कर असेल तरच हा फरक कळतो.

पाचवी पायरी: नजरेचा एक ठरलेला रस्ता

अनुभवी डोळा पहिल्याच नजरेत बरंच टिपतो. कुंडेल आणि नोडीन या संशोधकांनी १९७५ साली रेडिओलॉजिस्टना छातीचे फोटो सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकेच दाखवले, तरी त्यांनी बरेच आजार ओळखले. विद्यार्थ्याकडे तो साठा नसतो. त्याला रस्ता द्यावा लागतो. रोज तोच, त्याच क्रमाने.

मी देते तो क्रम असा: आधी नळ्या आणि तारा. मग श्वासनलिका, वरून खाली. मग मध्यभाग आणि हृदय. मग फुफ्फुसं, पण एकेक नाही; वरच्या पट्ट्याची डावी-उजवी तुलना, मग मधल्या, मग खालच्या. मग पडदे आणि त्यांचे कोपरे. शेवटी बरगड्या, खांदे, क्लॅव्हिकल, कडेचं मांस. तुमचा क्रम वेगळा असला तरी काही बिघडत नाही. एका वर्गाला दोन शिक्षकांनी दोन क्रम शिकवू नयेत एवढंच.

क्रम संपला की चार लपायच्या जागा पुन्हा बघायच्या: दोन्ही शेंडे, हृदयाच्या मागे, हायलम, पडद्याच्या खाली. पडद्याच्या खालीसुद्धा फुफ्फुस असतं हे विद्यार्थ्याला पटत नाही. बाजूचा फोटो शेजारी लावून दाखवा.

सापडलं की थांबायचं नाही. हे शिकवणं सगळ्यात अवघड. बरगडी मोडलेली दिसली की विद्यार्थी खूश होतो आणि त्याच बाजूला साठलेली हवा त्याच्या हातून निसटते. अनुभवी माणसंही याला अपवाद नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला सांगितलं आणि शेवटच्या सीटीत गोरिलाचं चित्र घुसवलं. ते चित्र सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं होतं. २० जणांना ते दिसलं नाही. डोळे त्या जागेवरून गेले होते, पण मन गाठी शोधत होतं. मी हा प्रयोग वर्गात सांगते तो मुलांना धीर यावा म्हणून. चुकणं माणसाच्या नजरेतच आहे, म्हणून तर ठरलेला रस्ता लागतो.

सहावी पायरी: नाव नको, वर्णन सांग

माझ्या शिकवण्याचा गाभा हीच पायरी आहे. वर्गात पहिले दोन महिने रोगाचं नाव घ्यायला बंदी. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर हे शब्द उच्चारायचे नाहीत. कुठे आहे, केवढं आहे, पांढरं की काळं, कड रेखीव की विरलेली, शेजारच्या गोष्टी ढकलल्यात की ओढल्यात, एवढंच सांगायचं. सुरुवातीला मराठीतच सांगू द्या. इंग्रजी शब्द आठवण्याच्या नादात मुलं बघायचं विसरतात. वर्णन पक्कं झालं की रिपोर्टमधला शब्द त्यावर चढवा.

प्रत्यक्षात ते असं चालतं:

"काय दिसतंय तुला?"

"मॅडम, उजवीकडे खाली न्यूमो..."

"नाव नको."

"उजवीकडे, खालच्या पट्ट्यात पांढुरकं आहे."

"कड?"

"विरलेली. आतल्या बाजूला हृदयाला चिकटलंय."

"हृदयाची उजवी कड दिसते का?"

"... नाही. पुसली गेलीय."

"आणि पडदा?"

"पडदा स्पष्ट दिसतोय."

"मग पांढरं कुठल्या कप्प्यात असेल?"

इथे ट्रेसिंग पेपरचं काम फळाला येतं. कड दिसते ती हवेमुळे. शेजारची हवा गेली तर कड पुसली जाते. हृदयाची उजवी कड गेली आणि पडदा शाबूत राहिला तर बिघाड उजव्या मधल्या कप्प्यात. पडदा पुसला आणि हृदयाची कड राहिली तर खालच्या कप्प्यात. हृदयाची डावी कड गेली तर लिंग्युलात, म्हणजे डाव्या वरच्या कप्प्याच्या खालच्या भागात. अमेरिकन रेडिओलॉजिस्ट बेंजामिन फेल्सन यांनी १९५० साली या खुणेला 'सिल्हूट साइन' हे नाव रूढ केलं. नाव मुलांना शेवटी सांगा. आधी ती खूण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी सापडू द्या. सापडल्यावर चेहरा कसा उजळतो ते तुम्हाला दिसेलच.

ढकललं की ओढलं हेही असंच शिकवा. एक बाजू पूर्ण पांढरी आहे. श्वासनलिका पांढऱ्या बाजूपासून दूर गेली असेल तर तिथे काहीतरी भरलंय, बहुधा पाणी. पांढऱ्या बाजूकडे ओढली गेली असेल तर तिथलं फुफ्फुस आकसलंय. एकसारख्या दिसणाऱ्या दोन फोटोंचा अर्थ एका नळीच्या दिशेने बदलतो. हे दोन फोटो तुमच्या संचात शेजारी-शेजारी असायलाच हवेत.

सातवी पायरी: फोन कधी उचलायचा

एका वर्षीचा प्रसंग. मोटारसायकलवरून पडलेला तरुण, छातीचा फोटो काढला, वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयने) स्ट्रेचर परत कॅज्युअल्टीत नेलं. थोड्या वेळाने डॉक्टरांनी स्वतः फोटो उघडला आणि धावपळ सुरू झाली. एका बाजूचं फुफ्फुस हवेने दाबलं गेलं होतं. नळी घातली, मुलगा वाचला. संध्याकाळी माझा विद्यार्थी कोपऱ्यात बसला होता. म्हणाला, "मॅडम, मला दिसलं होतं. पण चुकलो तर काय, म्हणून बोललो नाही." दोष त्याचा नव्हता. मी त्याला बघायला शिकवलं होतं आणि बोलायला शिकवायचं राहिलं होतं.

तेव्हापासून तातडीच्या गोष्टींची यादी मी भिंतीवर लावते आणि प्रत्येकाचा सराव घेते. फुफ्फुसाबाहेर हवा, विशेषतः मध्यभाग दुसरीकडे सरकला असेल तेव्हा. उभ्या फोटोत पडद्याखाली हवेची चंद्रकोर. श्वासाची नळी खोल जाऊन उजव्या मुख्य श्वासनलिकेत शिरलेली. मोठ्या माणसात तिचं टोक श्वासनलिकेच्या फाट्याच्या ३ ते ५ सेंमी वर असावं, आणि मान वाकली किंवा ताठ झाली तरी ते सरकतं. नाकातून पोटात घातलेली नळी फाट्यापाशी वळून फुफ्फुसात गेलेली. अपघातानंतर रुंदावलेला मध्यभाग. आणि लहान मुलाने गिळलेली गोल वस्तू.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबा. नाणं आणि बटण बॅटरी दोन्ही गोल दिसतात. फोटो मोठा करून कड बघायला शिकवा. बॅटरीच्या कडेला आत आणखी एक कडं दिसतं आणि बाजूच्या फोटोत पायरी दिसते. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत गंभीर भाजू शकते, म्हणून शंका असली तरी कळवायचं.

पडद्याखालच्या हवेबद्दल एक तांत्रिक सूचना. पेशंटला शक्य असेल तर फोटोआधी दहाएक मिनिटं बसतं ठेवावं, म्हणजे हवा वर चढते. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर काही दिवस थोडी हवा राहतेच. म्हणून आधी विचारायचं. डावीकडचा जठराचा बुडबुडा आणि पडद्याखालची मोकळी हवा यांत मुलं गोंधळतात, त्याच्या चार-पाच जोड्या दाखवा.

फोनवर काय बोलायचं ते पाठ करून घ्या: "सर, एक्स-रे विभागातून बोलतोय. आत्ता आलेल्या अपघाताच्या पेशंटचा छातीचा फोटो. उजवीकडे बाहेरच्या भागात फुफ्फुसाच्या खुणा दिसत नाहीत आणि श्वासनलिका डावीकडे गेलीय. कृपया लगेच बघाल का?" यात रोगाचं नाव नाही, पण सगळं आहे. कुणाशी बोललो आणि किती वाजता, ते रजिस्टरमध्ये लिहायचं. पेशंटला धाप लागत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. आणि शंका खोटी निघाली तर? शिक्षकाने सगळ्यांसमोर म्हणायचं, "बरं केलंस, फोन केलास."

आठवी पायरी: हाडं, थोडक्यात

छाती जमली की हाडं पटापट होतात. एकमेकांशी काटकोनातले दोन व्ह्यू असल्याशिवाय मत बनवायचं नाही. कड बोटाने गिरवायची आणि जिथे तुटेल तिथे थांबायचं. हातावर पडलेल्या माणसाच्या मनगटात रेडियस (अंगठ्याच्या बाजूचं हाताचं लांब हाड) बघितलं की स्कॅफॉइड (मनगटातलं छोटं हाड) बघायचंच; त्याचं फ्रॅक्चर पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, म्हणून कुठे दुखतंय ते विनंतीपत्रावर नसेल तर पेशंटला विचारून डॉक्टरांना कळवायचं. कोपराच्या बाजूच्या फोटोत मागे चरबीची काळी पट्टी दिसली तर फ्रॅक्चर न दिसताही संशय धरायचा. मुलांच्या हाडांत वाढीच्या रेघा असतात, त्यांना चुकून फ्रॅक्चर म्हटलं जातं. मनगटाच्या ज्या फ्रॅक्चरला आपण कॉलिस म्हणतो त्याचं वर्णन आयरिश सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली लिहिलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, फक्त हात बघून आणि चाचपून. ही गोष्ट मी सांगते ती मुलांनी पेशंटच्या हाताकडे बघावं म्हणून.

नववी पायरी: चाचणी

वीस फोटो, त्यांतले निम्मे नॉर्मल. प्रमाण मुलांना सांगू नका. प्रत्येकी दोन मिनिटं. खोलीतला उजेड कमी करा; खिडकीचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडलं की चाचणी डोळ्यांची राहत नाही. उत्तरपत्रिकेत चार रकाने: फोटो चालण्यासारखा आहे का, वेगळं काही आहे का, असेल तर दोन ओळी वर्णन, आणि स्वतःच्या उत्तरावर एक ते पाचपैकी किती भरवसा.

गुण देताना सुटलेले आणि उगाच पकडलेले असे दोन्ही वेगळे मोजा. दोन मुलांना सारखेच गुण पडतात, पण एक सगळं सोडत असतो आणि दुसरा सगळ्यालाच रोग म्हणत असतो. दोघांना वेगळी मदत लागते. पहिल्याला नजरेचा रस्ता पुन्हा द्या, दुसऱ्याला परत नॉर्मलकडे पाठवा. भरवसा पाच आणि उत्तर चूक, अशा फोटोवर सगळ्यात जास्त बोला. उत्तरं त्याच तासाला सांगा. आठवड्याने सांगितलं तर फोटो डोळ्यांपुढे राहिलेला नसतो.

छातीच्या फोटोवर संगणकाने खूण करणारी सॉफ्टवेअर आता आपल्याकडेही आली आहेत. टीबीच्या तपासणीसाठी १५ वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या लोकांत अशी सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. तुमच्या विभागात असेल तर जरूर दाखवा, मात्र विद्यार्थ्याने आपलं उत्तर लिहून झाल्यावर. आधी खूण दिसली तर डोळा तिथेच जाऊन बसतो.

दहावी पायरी: रोजच्या कामात बसवा

वर्ग आठवड्यातून एकदा होतो, फोटो रोज निघतात. दुपारच्या गर्दीनंतर दहा मिनिटं कन्सोलपाशी थांबा आणि सकाळच्या फोटोंपैकी तीन उघडा. एक नॉर्मल, एक रद्द झालेला, एक वेगळा. ज्याने काढला त्यानेच सांगायचं.

प्रत्येकाला वही ठेवायला लावा. तारीख, कोणता फोटो, माझं वर्णन, रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट. पेशंटचं नाव लिहायचं नाही. तिसरा रकाना फोटो काढल्यावर लगेच, शाईने भरायचा; चौथा दोन दिवसांनी रिपोर्ट आल्यावर. शाई यासाठी की नंतर खोडता येऊ नये. रेडिओलॉजिस्टना विनंती करा की महिन्यातून एकदा अर्धा तास बसून या वह्यांतले न जुळलेले फोटो बघावेत. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. आतापर्यंत कुणी विचारलेलंच नसतं.